निकाल ठाऊक असलेला सामना पुन्हा पाहण्यात अर्थ आहे का? (चित्रपट, पुस्तके, मालिका आणि फुटबॉल)

पानखूण

वाचलेली कादंबरी पुन्हा वाचणारे, पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहणारे आणि संपलेली मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना त्याचे कारण कोणी विचारत नाही. जुना फुटबॉल सामना मात्र मी पूर्ण नव्वद मिनिटे बसून पाहते असे सांगितले, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण निकाल तर माहीत आहे ना?" जणू कर्णाचे शेवटी काय होते हे कळावे म्हणूनच १९६७ पासून लोक 'मृत्युंजय' वाचत आले आहेत. गाब्रिएल गार्सिया मार्केझने तर १९८१ च्या आपल्या छोट्या कादंबरीत नायकाचा खून होणार हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, आणि तरीही पुस्तक हातातून सुटत नाही.

माझे म्हणणे असे, की शेवट ठाऊक असल्यामुळे सर्वांत कमी नुकसान होत असेल तर ते फुटबॉलचे होते. २५ मे २००५ चा चॅम्पियन्स लीगचा इस्तंबूलचा अंतिम सामना घ्या. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे, नंतर सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल आणि पेनल्टींवर विजय, एवढे फुटबॉल न पाहणाऱ्यालाही माहीत असते. परंतु निकालाची धाकधूक नसताना तो सामना पाहिला, की पूर्वार्धात लिव्हरपूलचा हॅरी क्यूएल दुखापतीने बाहेर जातो आणि व्लादिमीर श्मित्सर आत येतो, तो क्षण निराळाच दिसतो. त्या वेळी पाहणाऱ्यांना ती केवळ एक आपत्ती वाटली होती. तोच श्मित्सर पुढे दुसरा गोल करतो आणि पेनल्टीही मारतो. मध्यंतरानंतर लिव्हरपूलकडून हामानला आणून बचावात तीनच खेळाडू ठेवले गेले, त्यामुळे जेरार्डला पुढे जाण्याची मोकळीक कशी मिळाली, हेही मला पहिल्या वेळी दिसले नव्हते, कारण पहिल्या वेळी माझे डोळे चेंडूवर कमी आणि घड्याळावर अधिक होते.

आपल्याला काय वाटते? चित्रपट आणि पुस्तकांच्या बाबतीत पुनर्भेटीला जो मान आहे तो सामन्याला का नसावा?

मध्यंतर

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर मला मुळीच अवघड वाटत नाही. चित्रपटामागे कोणीतरी बसलेला असतो. प्रत्येक दृश्य कोणीतरी निवडलेले, कापलेले, पुढेमागे ठेवलेले असते, म्हणून दुसऱ्यांदा पाहताना आपण त्या माणसाचा हेतू शोधत असतो आणि तो सापडतोही. सामन्यामागे कोणीच नाही. श्मित्सर आत आला तो क्यूएलच्या स्नायूमुळे, कोणा लेखकाच्या योजनेमुळे नाही. तुम्ही मागे वळून त्यात योजना पाहता आहात, म्हणजे पटकथा तुम्हीच लिहिता आहात.

दिग्दर्शक हिचकॉकने मेजाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. दोन माणसे गप्पा मारत आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंद धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात आणि ताण कितीतरी वेळ टिकतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या उदाहरणात बॉम्ब ठेवणारा दिग्दर्शक आहे आणि गप्पा किती लांबवायच्या हेही तोच ठरवतो. सामन्यातल्या कंटाळवाण्या गप्पा खरोखरच कंटाळवाण्या असतात. आणि गंमत अशी, की याच हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको' सुरू झाल्यावर कोणालाही चित्रपटगृहात सोडू नये असा दंडक घातला होता. शेवट ठाऊक असण्याला त्याचा विरोध नव्हता, तर केव्हा काय कळावे हा अधिकार त्याला स्वतःकडे हवा होता.

पानखूण

म्हणजे लेखक नाही हाच आपला आक्षेप. मला तर तोच सामन्याचा गुण वाटतो. चित्रपटात एखादे पात्र दाराशी दोन क्षण जास्त थांबले, की पुढे काहीतरी घडणार हे चाणाक्ष प्रेक्षकाला कळते. सामन्यात कोणीही कोणाला असा इशारा देत नाही.

राखीव खेळाडू

इशारा मिळतो, पण तो हायलाइट्समध्ये, आणि माझा सगळा राग त्यांच्यावर आहे. दहा मिनिटांच्या त्या तुकड्यांत मध्यरेषेजवळचा एखादा साधा पास दाखवला, की पुढे गोल किंवा निदान गोलाची संधी आहेच हे आपण ओळखतो, नाहीतर तो पास ठेवलाच कशाला असता? म्हणजे संकलनच निकाल फोडते. 'मध्यंतर' यांना सामन्यात लेखक हवा असेल तर तो तिथे बसला आहे, आणि माझ्या मते तो फार वाईट लेखक आहे.

मी बरीच वर्षे मध्यफळीत खेळलो. संपूर्ण सामना पुन्हा पाहतो तेव्हा चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याच्याकडे मी क्वचितच पाहतो. दूरच्या बाजूचा बचावपटू केव्हा आत सरकतो, आघाडीचा खेळाडू चेंडू मिळणार नाही हे माहीत असतानाही दोन बचावपटूंना आपल्यामागे ओढून नेण्यासाठी का धावतो, गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत कोण कोणाशी बोलतो, हे सर्व पहिल्यांदा पाहताना नजरेतून निसटतेच. दुर्दैवाने दूरदर्शनचा कॅमेरा चेंडूचाच माग काढत असल्यामुळे हवे ते नेमके चौकटीबाहेर राहते. मैदानातल्या उंच जागेवरून सामना पाहणाऱ्याला जे दिसते, ते घरी कितीही मोठा पडदा लावला तरी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. फुटबॉलमध्ये लक्षात राहिलेल्या कितीतरी गोष्टी निकालाच्या कामाच्याच नसतात. १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या योहान क्रायफने स्वीडनच्या बचावपटूला ज्या वळणाने चकवले, ते आजही प्रशिक्षक मुलांना त्याच्याच नावाने शिकवतात. तो सामना ०-० असा सुटला. १९७० मध्ये पेलेने उरुग्वेच्या गोलरक्षकाला चेंडूला स्पर्शही न करता बगल दिली, वळसा घालून चेंडू गाठला आणि तो गोलाच्या बाहेर मारला. त्या स्पर्धेतले त्याचे प्रत्यक्ष गोल किती जणांना क्रमाने सांगता येतील, कोण जाणे, पण हा हुकलेला फटका सर्वांना आठवतो. निकालावरच सारे अवलंबून असते, तर हे दोन्ही क्षण त्याच संध्याकाळी विसरले गेले असते.

तळटीप

चर्चेला थोडा आधार देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १२ लघुकथा वाचकांना दिल्या. त्यांत रहस्यकथा होत्या, शेवटी कलाटणी घेणाऱ्या कथा होत्या आणि साध्या साहित्यिक कथाही होत्या. काहींना शेवट आधी सांगितला होता, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांनीच एकंदरीत कथा अधिक आवडल्याचे नोंदवले. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही आढळले, म्हणून या एका प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये. शिवाय लघुकथा एका बैठकीत संपते. आठ आठवडे चाललेल्या मालिकेला किंवा सामन्याला तोच न्याय लावता येईल असे मला वाटत नाही.

रात्रपाळी

माझे काम रात्रीचे असल्यामुळे मी बहुतेक सामने ध्वनिमुद्रणासारखे साठवून दुसऱ्या दिवशी पाहतो, आणि निकालापासून स्वतःला वाचवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे हे मी अनुभवाने सांगू शकतो. फोन बंद, संदेश बंद, सहकाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे बंद. एवढे करूनही साठवलेल्या फाइलची लांबी तीन तासांच्या आसपास दिसली, की जादा वेळ झाला, म्हणजे नव्वद मिनिटांअखेर बरोबरी होती, हे कळतेच, आणि मग ८८व्या मिनिटाला १-० ने पिछाडीवर असलेल्या संघाची मला काडीमात्र चिंता वाटत नाही.

बीबीसीच्या 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लायकली लॅड्स?' या मालिकेत १९७३ साली नेमका यावरच एक भाग होता. दोन मित्र रात्री दूरदर्शनवर सामन्याची क्षणचित्रे पाहता यावीत म्हणून दिवसभर निकालापासून पळत राहतात आणि अखेरीस कळते ते असे, की पाणी साचल्यामुळे सामना झालाच नाही. पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी आम्हा लोकांची स्थिती तीच आहे, फक्त पळायला जागा कमी उरली आहे.

पुस्तकाचेही तेच आहे, बरे का. उजव्या हातातली पाने किती उरली हे बोटांना कळत असते. अजून दीडशे पाने शिल्लक असताना नायक विहिरीत पडला तर तो मरणार नाही, हे सांगायला कोणी लागत नाही.

सातवा भाग

दूरदर्शन मालिकांबद्दल कोणीच नीट बोलले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मते मालिकेत आधी कळण्यापेक्षा वाट पाहणे अधिक महत्त्वाचे असते, आणि फुटबॉलचे खरे नाते तिच्याशीच आहे, चित्रपटाशी नाही. मार्च १९८० मध्ये 'डॅलस' या अमेरिकन मालिकेत जे. आर. युइंगला गोळी लागली आणि कोणी मारली हे त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला दाखवले गेले. उत्तर फुटू नये म्हणून निर्मात्यांनी निरनिराळ्या पात्रांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवले होते. आज तो भाग पाहिला तर अगदीच सामान्य वाटतो. जे मोलाचे होते ते मधल्या आठ महिन्यांत लोकांनी एकमेकांशी केलेल्या तर्कांत होते. फुटबॉलच्या हंगामाचेही असेच असते: शनिवारचा सामना संपतो आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो माणसांच्या बोलण्यात चालू राहतो. जुना सामना एकट्याने पाहताना हे सारे गळून पडते आणि हाती राहतो तो केवळ खेळ.

सगळे भाग एकाच दिवशी उपलब्ध करून देण्याच्या पद्धतीने मालिकांचे हेच केले आहे. कोणी दोन दिवसांत संपवते, कोणी दोन महिन्यांत, आणि मग कोणी कोणाशी बोलायचेच नाही, कारण कोणाचे काय पाहून झाले आहे हे माहीत नसते.

याला एक सुंदर अपवाद 'कोलंबो'चा. खून कोणी केला हे त्या मालिकेत बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच दाखवलेले असते. उरलेला सर्व वेळ तो चुरगळलेला कोट घालणारा पोलीस अधिकारी खुन्याला कसा पकडतो हे पाहण्यात जातो. 'पानखूण' ज्या नजरेने जुना सामना पाहतात, ती हीच नजर असावी. काय झाले याऐवजी कसे झाले.

मध्यंतर

'कोलंबो'चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तिथेही सुगावे कोणीतरी पेरलेले असतात.

परंतु सामना आणि चित्रपट यांच्यामधली एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो या कलावंतांनी २३ एप्रिल २००५ च्या रेआल माद्रिद विरुद्ध व्हियारेआल या सामन्यात १७ कॅमेरे एकट्या झिनेदिन झिदानवर रोखले आणि त्यातून पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात सामना जवळजवळ दिसतच नाही. माणूस चालतो, थांबतो, बूट जमिनीवर घासतो, एकदा हसतो, आणि शेवटी शेवटी हाणामारीत सापडून लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. चित्रपट मे २००६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. ९ जुलैला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोके मारले आणि कारकिर्दीचा शेवट पुन्हा लाल कार्डानेच झाला. त्यानंतर तो चित्रपट पाहणाऱ्याला, दिग्दर्शकांनी न ठेवलेला एक बॉम्ब मेजाखाली दिसू लागतो.

हे मी मान्य करतो. तरीही मला तो चित्रपट म्हणूनच आवडतो. तोच सामना साध्या प्रक्षेपणात पाहायला सांगितले तर मी विसाव्या मिनिटाला उठेन.

ऑफसाइड

आपण सर्व जण तटस्थ प्रेक्षकासारखे लिहीत आहात. मी एका संघाचा समर्थक आहे आणि माझ्यापुरता नियम सरळ आहे: जिंकलेला सामना पुन्हा पाहावा, हरलेला कधीही पाहू नये. शोकांतिका मी पुन्हा पुन्हा वाचतो, रडवणारे चित्रपटही पुन्हा पाहतो, पण माझ्या संघाने गमावलेल्या एका अंतिम सामन्याची क्षणचित्रे चुकून समोर आली तरी मी पडदा बंद करतो. ८ जुलै २०१४ चा विश्वचषकातला बेलो होरिझोंतेचा तो उपांत्य सामना, ज्यात जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने हरवले, तो कोणी ब्राझीलचा समर्थक अभ्यास म्हणून पुन्हा पाहत असेल असे मला वाटत नाही. तटस्थांनाही त्यातली मधली सहा मिनिटे, ज्यांत चार गोल झाले, पाहताना अवघडल्यासारखे होते.

व्हीएआरबद्दलही, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांचे निर्णय तपासण्याच्या पद्धतीबद्दलही, एक शब्द. १७ एप्रिल २०१९ ला मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटनहॅम सामन्यात स्टर्लिंगने भरपाईच्या वेळेत गोल केला, सगळे मैदान नाचले आणि मग ऑफसाइडसाठी तो गोल रद्द झाला. ४-३ जिंकूनही सिटी बाहेर गेली, कारण दोन सामन्यांची बेरीज समान झाली की परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जाई, असा त्या काळी नियम होता. तो सामना आता पाहताना त्या नाचणाऱ्या माणसांकडे पाहवत नाही, कारण आपल्याला ठाऊक असते आणि त्यांना नसते. शेवट ठाऊक असल्याने काही बिघडत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो अर्धा मिनिट पाहावा.

पानखूण

'ऑफसाइड' यांच्या पहिल्या परिच्छेदावर मी बराच वेळ विचार करत होते, कारण माझेही हरलेले सामने बंद पेटीतच आहेत. शोकांतिका पुन्हा वाचवते आणि पराभव पुन्हा पाहवत नाही, याचे कारण मला असे वाटते, की शोकांतिकेत पराभवाला लेखकाने काही अर्थ दिलेला असतो. कर्णाचे चाक रुतते तेव्हा त्यामागे शाप, वचने आणि सारे आयुष्य उभे असते. खांबाला लागून बाहेर गेलेल्या चेंडूमागे काहीच उभे नसते. तो चार बोटे डावीकडे जाऊ शकला असता, एवढेच. इथे 'मध्यंतर' यांचा लेखकाविषयीचा मुद्दा मला पटतो, फक्त तो सर्व सामन्यांना लागू पडत नाही, हरलेल्यांना पडतो.

लेखक नसला की लोक अर्थ कुठून तरी आणतात आणि तो बहुतेक वेळा कोणा एका माणसाच्या माथी मारतात, हेही पाहा. १६ जुलै १९५० ला रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषक जिंकायला ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. ७९व्या मिनिटाला घिजियाने उरुग्वेचा दुसरा गोल केला आणि ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोझाला त्याचा दोष आयुष्यभर वाहावा लागला. बार्बोझा आडव्या चेंडूच्या अपेक्षेने किंचित पुढे सरकला होता, कारण पहिला गोल घिजियाने तसाच घडवला होता. म्हणजे त्याचा अंदाज तर्काला धरूनच होता. हे समजून घ्यायला तो गोल एकदा पाहून पुरत नाही, पण ज्यांना समजून घ्यायला हवे होते त्यांना तो दुसऱ्यांदा पाहवला नसेल.

व्हीएआरच्या सामन्याबद्दल आपण जे लिहिले ते मला तर माझ्याच बाजूचे वाटते. त्या नाचणाऱ्या लोकांकडे पाहवत नाही, म्हणजेच दृश्य मेलेले नाही.

समालोचनबंद

एक व्यावहारिक सूचना. जुना सामना पाहताना समालोचनाचा आवाज बंद करून प्रेक्षकांचा आवाज ठेवता येत असेल तर ठेवावा. समालोचक त्या क्षणी निकाल न जाणणारा एकमेव 'लेखक' असतो आणि त्याची भाकिते वर्षांनंतर ऐकताना केवळ हसू येते. प्रेक्षकांचा आवाज मात्र कधी जुना होत नाही. गोल होण्याआधी अर्धा सेकंद मैदानातून जो हुंकार उठतो, त्यावरून कोणाला मोकळी जागा दिसली हे चेंडू तिथे पोहोचण्याआधीच कळते.

मध्यंतर

ठीक आहे. ज्याने कधीही पूर्ण जुना सामना पाहिलेला नाही अशा चित्रपटवेड्या माणसाने एकच पाहायचा ठरवला तर कोणता पाहावा? इस्तंबूल नको, ते आता पाठ झाले आहे.

राखीव खेळाडू

५ जुलै १९८२, विश्वचषक, बार्सिलोनाचे सारिया मैदान, इटली विरुद्ध ब्राझील. माझ्या मते दुसरे उत्तर नाही.

ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. इटलीचा पाओलो रोसी दोन वर्षांच्या बंदीनंतर नुकताच परतला होता आणि त्या स्पर्धेत तोपर्यंत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. पाचव्या मिनिटाला तो गोल करतो. ब्राझीलचा सॉक्रेटिस बरोबरी करतो. रोसी पुन्हा पुढे नेतो, तोही ब्राझीलने स्वतःच्याच बचावात आडवा दिलेला पास हिरावून. ६८व्या मिनिटाला फाल्काओ २-२ करतो आणि पळत सुटतो, तेव्हा त्याच्या हातांच्या शिरा दिसतात. इथे थांबून विचार करा, की कोणताही शहाणा संघ आता मागे सरकून उरलेला वेळ काढील. ब्राझील सरकत नाही. सहा मिनिटांनी कॉर्नरवरून रोसीचा तिसरा गोल.

निकाल मी मुद्दाम सांगून टाकला आहे. आपण फाल्काओच्या गोलानंतरची ती सहा मिनिटे पाहावीत आणि ब्राझीलचे बचावपटू कुठे उभे आहेत एवढेच मोजावे. शेवटी ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर इटलीचा ४० वर्षांचा गोलरक्षक झॉफ गोलरेषेवर दाबून धरतो, तोही चुकवू नका. त्यानंतर ब्राझीलचे खेळाडू पंचांकडे हात उंचावून चेंडू आत गेल्याचा दावा करतात.

मध्यंतर

पाहीन. विसाव्या मिनिटाला उठलो तर इथे येऊन कळवीन, आणि न उठलो तरी आडवा पास कोणाच्या चुकीने गेला यावर आपले भांडण होणारच आहे.

राखीव खेळाडू

सेरेझोचा. पण त्याच्या सभोवतालचे तिघे चेंडू आपल्याकडे येत नाही असे समजून का थांबले, ते पाहून मग भांडू.